चांगला चालक कोणाला म्हणायचे? गाडी हातात बसल्यानंतरचे शिक्षण

खानापूर तालुक्यातील एका तरुणाने विचारले आहे : "पक्के लायसन्स मिळून आठ महिने झाले. जुनी मोटार घेतली असून रोज कामासाठी बेळगावला येतो-जातो. गाडी हातात बसली आहे. पण मित्र म्हणतात की मी वाट देत बसतो, हॉर्न वाजवत नाही, कट मारून पुढे जाता येत नाही, म्हणजे अजून कच्चाच आहे. फोन आला की माझे लक्ष उडते, हेही खरे आहे. चांगला चालक नेमका कशावरून ओळखायचा आणि लक्ष विचलित होण्यावर उपाय काय?"

हे उत्तर कोणत्या अनुभवातून येते ते आधी सांगतो. बेळगावहून गोव्याला भाजी नेणाऱ्या टेम्पोवर मी अकरा वर्षे चालक होतो. रात्री कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरचीचे लोड भरायचे, जांबोटी, कणकुंबी, चोर्लामार्गे उजाडायच्या आत म्हापसा गाठायचे आणि दुपारी रिकामी गाडी घेऊन परतायचे, असा नेम होता. त्यानंतरची सोळा वर्षे शिकवणीच्या गाडीत, शिकणाऱ्याच्या डाव्या बाजूला बसून गेली. पहिल्या अकरा वर्षांत जे मला उशिरा आणि महागात कळले, ते दुसऱ्यांना वेळेवर कळावे म्हणूनच मी हा व्यवसाय पत्करला.

मित्रांच्या म्हणण्यावर मत द्यायचे तर, वाट देणे हा कच्चेपणा नव्हे. कच्चेपणा कशाला म्हणावा याची माझी कसोटी अगदी साधी आहे : तुमच्या गाडी चालवण्यामुळे कोणाला दचकावे लागते का? मागच्या सीटवर डोळा लागलेली आई ब्रेकच्या हिसक्याने जागी होते का, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुम्ही वळणार हे वळल्यानंतरच कळते का, कडेने चाललेली म्हातारी बाई तुमच्या हॉर्नने हातातली पिशवी घट्ट धरून बाजूला होते का, हे पाहावे. या यादीत चालक स्वतःही येतो. जो चालक प्रवासात दोन-तीनदा स्वतःच दचकतो, त्याचे नशीब वाईट नसते, त्याने समोरची गोष्ट उशिरा पाहिलेली असते. गाडी काबूत ठेवण्याचे कौशल्य हे यानंतर येते, आणि खरे सांगायचे तर ते बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत येतेच.

शिकणाऱ्याची पारख करताना मी त्याच्या स्टेअरिंगवरच्या हातांपेक्षा उजव्या पायाकडे अधिक पाहतो. पिरनवाडी किंवा मच्छे ओलांडताना पुढे बस थांब्यावर उभी आहे आणि तिच्या पुढच्या बाजूने कोणी रस्ता ओलांडणार की नाही हे दिसत नाही, अशा वेळी चांगल्या चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जातो आणि ब्रेकवर, न दाबता, नुसता टेकून राहतो. माणूस बाहेर आला नाही तर पाय परत जागेवर जातो आणि गाडीतल्या कोणाला काही कळतही नाही. कच्चा चालक माणूस दिसेपर्यंत अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून असतो आणि मग कचकन ब्रेक मारतो. दोघांच्याही हातून अपघात झालेला नसतो, त्यामुळे दोघेही सारखेच चांगले वाटतात. फरक फक्त त्या पायात असतो. उद्यमबागेतील कारखान्यांची पाळी सुटते त्या वेळी हाच पाय तासभर टिकवून धरणे, ही माझ्या मते लायसन्सच्या परीक्षेपेक्षा मोठी परीक्षा आहे.

आता अंतराचा हिशेब, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर ब्रेक लागण्यापूर्वीच २५ मीटर संपतात आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. हाच वेग ८० केला तर एकूण ४५ मीटरचे जवळपास ७० मीटर होतात, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मृगाच्या पहिल्या सरींनी रस्त्यावरचे तेल आणि धूळ भिजून निसरडे झालेले असते, तेव्हा ब्रेकचे अंतर दुपटीच्या घरात जाऊ शकते. त्यात डिमवर असलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतच पोहोचतो. म्हणजे रात्री डिमवर ८० च्या वेगाने जाणारा चालक, त्याला दिसते त्याच्या पलीकडे थांबणार असतो. हा हिशेब मी प्रत्येक विद्यार्थ्याला वहीत मांडायला लावतो, कारण तोंडी ऐकून कोणाचा वेग कमी झालेला मी पाहिलेला नाही.

आपल्या भागात या हिशेबाची खरी गाठ ऊसाच्या हंगामात पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचे गाळप सुरू झाले की निपाणी, संकेश्वर, चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक या सगळ्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, लाल चकाकणारी पट्टी लावलेली असली तरी ती चिखलाने किंवा लोंबणाऱ्या वाड्याने, म्हणजे ऊसाच्या शेंड्याच्या पाल्याने, झाकलेली असते, आणि ऊस ट्रॉलीच्या मापाबाहेर दोन्ही बाजूंना आलेला असतो. रात्री दुपदरी रस्त्यावर समोरून फुल लाईट आल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, नेमक्या त्याच क्षणी तुमच्या पुढे अशी ट्रॉली असू शकते. म्हणून समोरच्या प्रकाशाने डोळे दिपले की नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आणावी आणि वेग ताबडतोब कमी करावा. "रस्ता मोकळाच होता" या आठवणीवर गाडी पुढे रेटू नये.

अशा ट्रॅक्टरला ओलांडायचे म्हणजे काय, तेही आकड्यांत पाहू. ट्रॅक्टर २० च्या वेगाने चालला आहे आणि तुम्ही ५० च्या वेगाने त्याला ओलांडता. मागचे अंतर, दोन ट्रॉल्यांसह त्याची लांबी आणि पुढे परत डावीकडे येण्यापुरती जागा मिळून ५० मीटर तरी तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त जावे लागते, त्याला सहा सेकंद लागतात. त्या सहा सेकंदांत तुम्ही ८० मीटरहून अधिक जाता आणि समोरून ८० च्या वेगाने येणारी गाडी १३० मीटरहून अधिक तुमच्याकडे येते. म्हणजे किमान सव्वादोनशे मीटर रस्ता समोर स्वच्छ दिसल्याशिवाय उजवीकडे चाक काढायचे नाही, आणि हे अगदी काठावरचे माप झाले. ज्या मित्रांना कट मारता येतो, त्यांना एकदा हे अंतर दिवसा पावलांनी मोजायला सांगा. ट्रॅक्टरवाल्याला हॉर्न बहुधा ऐकू जात नाही, इंजिनाचा आवाज आणि टेपवरची गाणी यांत तो बुडालेला असतो. रात्री डिपर दोनदा दिला तर आरशात उजेड दिसून तो थोडा डावीकडे घेण्याची शक्यता अधिक. तोही दिवसभर कारखान्याच्या रांगेत ताटकळून आलेला असतो, हे लक्षात ठेवले तर त्याच्या मागे दोन मिनिटे थांबणे जड जात नाही.

रस्त्यावरचे सौजन्य म्हणजे नुसते नमते घेणे, असा समज मला चुकीचा वाटतो. सौजन्याचा पहिला भाग म्हणजे आपला इरादा दुसऱ्याला आधी आणि स्पष्टपणे कळवणे. आपल्याकडे इंडिकेटरची भाषा फार गढूळ झाली आहे. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो, तेव्हा काही चालक त्यातून "उजवीकडून ये, रस्ता मोकळा आहे" असे सांगत असतात, काही "येऊ नकोस, समोरून गाडी आहे" असे सांगत असतात, आणि काही खरोखरच उजवीकडे शेताच्या वाटेला वळणार असतात. एकाच दिव्याचे तीन अर्थ, आणि त्यांपैकी दोन तुमच्या जिवावर बेतणारे. त्यामुळे दुसऱ्याच्या इंडिकेटरवर विसंबून ओव्हरटेक कधीही करू नये. स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता दिसेपर्यंत मागे राहावे. आणि आपण इंडिकेटर द्यायचा तो फक्त वळण्यासाठी किंवा लेन बदलण्यासाठी, तोही वळण्यापूर्वी दहा-बारा सेकंद, म्हणजे मागच्याला विचार करायला अवधी मिळतो. चौकात सरळ जायचे म्हणून किंवा पाऊस पडतो म्हणून चारही दिवे लुकलुकवत चालणेही असेच घोटाळ्याचे आहे. तो संकेत गाडी बंद पडून उभी आहे, असे सांगण्यासाठी आहे, आणि तो चालू असताना तुमचा खरा इंडिकेटर कोणाला दिसतच नाही.

यापुढची गोष्ट काही जणांना खटकेल, पण मी ती आग्रहाने शिकवतो. चुकीच्या जागी दाखवलेली उदारता धोकादायक असते. चौपदरी रस्त्यावर तुम्ही डाव्या लेनमध्ये थांबलात आणि कडेच्या बाईंना हाताने "या, या" म्हणून बोलावले, तर उजव्या लेनमधल्या गाडीला त्या बाई दिसत नाहीत आणि बाईंना ती गाडी दिसत नाही. तुमच्या शब्दावर विश्वासून त्या पुढे पाऊल टाकतात. झेब्रा पट्ट्यावर थांबणे हे कर्तव्यच आहे, तिथे वेग आधीपासून हळूहळू कमी करून, आरशात मागचा चालक थांबतो आहे हे पाहून थांबावे. मात्र हाताने बोलावू नये. थांबून राहावे आणि रस्ता पाहून निर्णय त्यांना घेऊ द्यावा. कोणाची वाट मोकळी आहे हे आपण आपल्यापुरते सांगू शकतो, दुसऱ्या लेनच्या वतीने सांगू शकत नाही.

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे फाटकावर सायंकाळी उभे राहिल्यास या शहराची वाहतूक समजते. फाटक पडते, दोन्ही बाजूंना रांग लागते. मग एक दुचाकी उजव्या बाजूने पुढे येऊन फाटकाच्या दांड्याला चाक लावून उभी राहते, तिच्यामागे दुसरी, मग एक रिक्षा, मग एक मोटार. पलीकडेही हेच चाललेले असते. रेल्वे जाते, फाटक उघडते, आणि दोन्ही बाजूंनी रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापलेले दोन जमाव रुळांच्या मध्यावर समोरासमोर येतात. एका मिनिटात मोकळा होणारा रस्ता त्यामुळे दहा मिनिटे अडतो. अशा वेळी जो चालक आपल्या डाव्या रांगेत उभा राहतो, पुढे जागा दिसत असूनही उजवीकडे सरकत नाही, त्याला मागून हॉर्न आणि बोलणी खावी लागतात. मी विद्यार्थ्याला मुद्दाम त्या वेळी त्या फाटकावर नेतो आणि त्या हॉर्नमध्ये शांत बसायला शिकवतो. तुम्हाला वाट देत बसतोस म्हणून हिणवणाऱ्यांचे दडपण आणि त्या मागच्या हॉर्नचे दडपण एकाच जातीचे आहे. मागच्याच्या घाईने पुढचा निर्णय घ्यायचा नाही, ही सवय एकदा लागली की चालक निम्मा तयार झाला असे मी मानतो.

सौजन्याच्या काही गोष्टी थोडक्यात सांगता येतील. गोलचौकात आत फिरणाऱ्या, म्हणजे उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने थांबावे. पावसाळ्यात कडेला उभ्या माणसांजवळ डबके दिसले तर चालण्याच्या वेगाने जावे; शाळेच्या गणवेशावर चिखल उडालेले मूल दिवसभर तसेच बसते. गाडी उभी केल्यावर उजवे दार डाव्या हाताने उघडावे, म्हणजे अंग आपोआप वळून मागून येणारी दुचाकी दिसते. आषाढीच्या आधी पंढरपूरला निघालेल्या दिंड्या, माघात चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या यात्रेला किंवा पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माकडे निघालेल्या बैलगाड्या दिसल्या की हॉर्नवरचा हात काढावा, कारण बैल बुजला तर गाडीवानाला आवरत नाही. रुग्णवाहिकेला वाट देण्याविषयी मात्र थोडे अधिक सांगतो. चंदगड, खानापूर, जांबोटी भागातून रुग्ण बेळगावला आणताना घाटवळणांवर आधीच बराच वेळ गेलेला असतो. भोंगा ऐकताच गोंधळून जागच्या जागी ब्रेक मारू नये. डावा इंडिकेटर देऊन डावीकडे सरकावे आणि मोकळ्या जागी थांबावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशी वाट न देण्यासाठी १०,००० रुपये दंडाची, सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आहे. रुग्णवाहिका गेल्यावर तिच्या मागे गाडी लावून वाट काढणारे लोक मी रोज पाहतो आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटते.

सीमाभागात एक बाब वेगळी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. आपल्याकडच्या अनेक मराठी तरुणांना कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही, आणि रस्त्यावरचे कित्येक इशारे केवळ कन्नडमध्ये असतात. "निधानवागि चलिसि" म्हणजे सावकाश चालवा, "अपघात वलय" म्हणजे अपघातप्रवण भाग, "तिरुवु" म्हणजे वळण, "उब्बु" म्हणजे गतिरोधक, "शाले" म्हणजे शाळा, "एडक्के" आणि "बलक्के" म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे. एवढी अक्षरे ओळखायला एक आठवडा पुरतो आणि मी ती शिकवणीचा भागच केली आहेत. शब्द वाचता आला नाही तरी पाटीचा आकार बोलतो : त्रिकोणी पाटी पुढच्या धोक्याची, लाल कडेची गोल पाटी मनाईची. तसेच गाडीच्या पाटीवर बेळगावचा केए २२ आहे, चिकोडीचा केए २३ आहे की कोल्हापूरचा एमएच ०९, यावरून चालकाची पारख करू नये. तणावाच्या दिवसांत परक्या पाटीची गाडी आधीच बिचकत चाललेली असते, तिला वाट द्यावी. एखाद्या गल्लीत समोरासमोर गाड्या अडकल्या की काच खाली करून "अण्णा, स्वल्प सरीरि", म्हणजे दादा, थोडे सरका, एवढे म्हटले तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. तो मराठी निघाला तर हसून "या की ओ मामा" म्हणतो, आणि काम होते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. लक्ष तीन ठिकाणांहून जाते : डोळे रस्त्यावरून हटतात, हात स्टेअरिंगवरून हटतो, किंवा मन गाडीतून निघून जाते. फोनमध्ये हे तिन्ही एकत्र घडते, म्हणून तो सर्वांत वाईट. ६० च्या वेगाने तीन सेकंद पडद्याकडे पाहिले तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. फोन हातात धरून गाडी चालवणे हे कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात मोडते आणि २०२० पासून नियमांत फक्त नकाशावर रस्ता पाहण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, सूट आहे. पण हात मोकळे ठेवून कानातल्या यंत्रावर बोलणे सुरक्षित आहे, असे बहुतेकांना वाटते, ते बरोबर नाही. अशा वेळी डोळे रस्त्यावर असतात आणि तरीही दिसलेली गोष्ट मनापर्यंत पोहोचत नाही.

हे मी वाचून सांगत नाही. टेम्पोवर असतानाच्या एका फेब्रुवारीत, पहाटे जांबोटीच्या अलीकडे, म्हापशाच्या व्यापाऱ्याचा फोन आला. फोन मी हातात धरला नव्हता, समोरच्या खाचेत ठेवून मोठ्या आवाजावर बोलत होतो आणि नजर रस्त्यावर होती. ढोबळी मिरचीचा भाव उतरला होता आणि लोड परवडणार की नाही, याचा हिशेब डोक्यात चालू होता. त्या बोलण्यात मी तीन वळणे घेतली असली पाहिजेत, पण त्यांतले एकही मला नंतर आठवले नाही. चौथ्या वळणावर सायकलला दोन दुधाचे कॅन बांधून एक गृहस्थ समोर दिसले, म्हणजे तेव्हा मला दिसले, एरवी ते बराच वेळ समोर असणारच. मी पूर्ण ब्रेक दाबला. मागचे क्रेट घसरून केबिनवर आदळले, टेम्पो त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ते दचकून चरीत पडले होते, कोपर खरचटले होते, एक कॅन सांडून दूध रस्त्यावरून वाहत होते आणि कॅनचे झाकण घरंगळत माझ्या चाकाजवळ येऊन थांबले होते. मी धावत खाली उतरलो तर ते माझ्याकडे पाहत, सायकलच्या दांड्याला सुतळीने बांधलेल्या बॅटरीकडे हात करून म्हणाले, "माझी बॅटरी तर पेटलेली होती की ओ." चूक आपलीच असेल, असे त्यांना वाटत होते. बॅटरी पेटलेलीच होती. तिचा उजेड माझ्या डोळ्यांत आला होता, मी तो पाहिला नव्हता. दुधाचे पैसे मी दिले, पण त्या वाक्याचे काय करावे हे मला आजही कळत नाही, आणि त्या दिवसापासून चालत्या गाडीत मी फोनवर एक शब्द बोललेलो नाही.

म्हणून फोनबाबत माझा सल्ला मनाच्या निर्धारावर सोडलेला नाही, कारण वाजणाऱ्या फोनपुढे निर्धार टिकत नाही. इंजिन सुरू करण्यापूर्वी नकाशा लावून घ्यावा, आवाजी सूचना चालू ठेवाव्यात, फोनची रिंग बंद करून तो मागच्या सीटवरच्या पिशवीत ठेवावा, जिथे हात पोहोचत नाही. घरच्यांना एकदा नीट समजावून सांगावे की निघताना आणि पोहोचल्यावर मी फोन करीन, मधल्या वेळात करू नका. आपल्याकडे आया आणि बायका काळजीपोटी "कुठपर्यंत आलास?" म्हणून नेमका घाटात फोन करतात, त्यांना हे रागाने सांगण्यात अर्थ नाही, त्या दुधवाल्यासारखी एखादी गोष्ट सांगावी. फारच तातडीचे असेल तर पेट्रोल पंपावर किंवा धाब्याच्या आवारात गाडी घेऊन बोलावे. महामार्गाच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर थांबून बोलणे हा उपाय नाही, मागून येणारा ट्रक त्या पट्टीवरूनच येत असतो.

फोनएवढी चर्चा न होणारी विचलने आणखी आहेत. मागच्या सीटवर भांडणारी मुले, हे त्यांपैकी मोठे. त्यांच्याकडे वळून ओरडण्यापेक्षा गाडी आत कुठेतरी थांबवून मिटवावे. घरून भांडून निघालेला चालक किंवा कर्जाचा हप्ता डोक्यात घोळवणारा चालक हा फोनवर बोलणाऱ्यासारखाच असतो. राग असताना निघायचे असेल तर मी विद्यार्थ्यांना चाके, दिवे, आरसे बघत गाडीभोवती एक फेरी मारायला सांगतो. त्यात दोन मिनिटे जातात आणि मन गाडीकडे येते. झोप ही सर्वांत फसवी. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर ती येते, आणि येण्याआधी कळवते : जांभया, डोळ्यांची आग, मागचे गाव कधी गेले ते न आठवणे. काच उघडणे, गाणी मोठी करणे, तंबाखू मळणे यांनी ती जात नाही. चहा पिऊन वीस मिनिटे गाडीतच झोपावे, हाच उपाय मला लागू पडला. गोव्याहून परतताना दारू घेतलेल्या माणसाने स्टेअरिंगवर बसू नये हे सांगण्याची गरज पडू नये, तरी सांगतो, कारण १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा पुष्कळांना वाटते त्यापेक्षा फार लवकर ओलांडली जाते.

घाटाविषयी दोन गोष्टी, कारण आज ना उद्या तुम्ही चोर्ला किंवा तवंदीला गाडी नेणारच. डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा जुन्या चालकांकडून आलेला वाईट वारसा आहे. गिअर काढला की इंजिन गाडीला रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, करपल्याचा वास येतो आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केले तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. दुसरे, चोर्ल्याच्या पावसाळी धुक्यात फुल लाईट लावू नये, तो उजेड धुक्याच्या थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. डिम आणि फॉग लॅम्पवर, डाव्या पट्टीचा आधार घेत जावे. कणकुंबीच्या आसपास रात्री गवे रस्त्यावर येतात. एक दिसला तर मागे कळप आहे असे धरून थांबावे, हॉर्न वाजवू नये.

तुमच्यासाठी एक अभ्यास सुचवतो. रविवारी सकाळी सातच्या सुमारास खानापूर ते जांबोटी रस्त्यावर निघा आणि जे दिसते ते मोठ्याने बोलत गाडी चालवा : "पुढे उतार, डावीकडे घर, दारात मूल, पाय उचलला, मागे दुचाकी आहे." आमच्याकडे पहिल्या दिवशी बहुतेकांचा घसा दहा मिनिटांत कोरडा पडतो आणि बोलायला काही सुचत नाही, म्हणजे तेवढा वेळ ते काही पाहत नव्हते. दोन-तीन रविवारांनंतर तुम्हाला कच्चा म्हणणाऱ्या मित्रांपैकी एकाला शेजारी बसवा, त्याला सीटबेल्ट लावायला सांगा आणि ज्या-ज्या क्षणी त्याच्या पोटात गोळा येईल किंवा पाय नकळत फळीवर दाबला जाईल, त्या क्षणी न बोलता हात वर करायला सांगा. हात कुठल्या वळणावर, कुठल्या थांब्यापाशी वर झाला ते घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी त्याच जागांवरून पुन्हा जा. परतताना स्टेअरिंग मित्राच्या हाती द्या आणि शेजारी बसून तुम्हीही तसाच हात वर करा.